अर्पणपत्रिकेतली चूक

प्राध्यापकांना व्यभिचाराचा दांडगा अनुभव होता. अर्थात पुस्तकी.

ज्या एका कादंबरीवर त्यांचं उभं आयुष्य गेलं, ती कुठल्याशा थंड देशातली, शंभरेक वर्षांपूर्वीची आणि उशाला घेतली तर मान धरेल इतकी जाडजूड होती. तिच्यात एक न्यायाधीश आहे, त्याची तरुण बायको आहे आणि जमिनीची मोजणी करायला आलेला एक देखणा लष्करी अधिकारी आहे. अधिकारी जमीन मोजत मोजत न्यायाधीशाच्या दिवाणखान्यापर्यंत पोचतो आणि मग जे व्हायचं ते होतं. शेवटी ती बाई गोठलेल्या तळ्यावर एकटीच चालत जाते आणि मधोमध बर्फ फुटतो. अभिजात कादंबरी म्हटली की बाईला मरणं भागच असतं.

कॉलेजात प्राध्यापकांचा हा तास गाजलेला होता. दुसऱ्या वर्गांतली मुलंसुद्धा येऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. "ती पापी नव्हती, ती गुदमरली होती!" असं म्हणून प्राध्यापक टेबलावर हात आपटत, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली दचकून पेन खाली ठेवत. न्यायाधीशाची तर ते सालटीच काढत. बायकोचं प्रकरण कळल्यावर तो इसम पहिला प्रश्न काय विचारतो, तर "नोकरांना कळलंय का?" इथे प्राध्यापक उपहासाने हसत, वर्ग हसण्याची वाट पाहत आणि मग आवाज खाली आणून म्हणत, "शेजारच्या खोलीत बसलेल्या बाईचा श्वास ज्याला ऐकू येत नाही, तो नवरा नव्हे. ते फर्निचर!" तळ्याच्या प्रकरणाला ते चष्मा काढून पुसत. दर वर्षी, त्याच परिच्छेदाला. वरच्या वर्गातली मुलं नव्या मुलांना आधीच सांगून ठेवायची, की आता चष्मा निघेल.

घरी शेजारच्या खोलीत त्यांची बायको असायची.

ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सुरुवातीला ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची. आता सगळी लॅब तिच्याच हाताखाली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून जायची, दुपारी परत यायची, घरातलं बघायची. प्राध्यापक आतून "चहा" असा शब्द उच्चारत आणि थोड्या वेळाने चहा प्रकट होई. या दोन घटनांच्या मध्ये कुणीतरी उठतं, गॅस पेटवतं, कप विसळतं वगैरे तपशिलात ते कधी शिरले नाहीत. त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तोही याच कादंबरीवर. विषय होता नायिकेचं मौन. तो लिहून होईपर्यंत काही वर्षं घरात कुणी आवाज करायचा नाही असा नियम होता. बायकोने तो पाळला. प्राध्यापकांनी याला सहकार्य म्हटलं आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचा उल्लेखही केला, टंकलेखकाच्या नंतर.

आता निवृत्ती जवळ आली होती आणि त्या गाजलेल्या व्याख्यानांचं पुस्तक निघत होतं. मुद्रितं घरी येत, बायको ती तपासून देई, कारण तिची नजर बारीक होती आणि ती पैसे घेत नसे. सगळ्यात शेवटी आलं ते अर्पणपत्रिकेचं पान. या एका वाक्यावर प्राध्यापकांनी आठवडाभर खपून रंधा मारला होता. एका शनिवारी दुपारी, चहाच्या वेळी, त्यांनी ते पान बायकोपुढे ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिला मोकळेपणाने डोळे पुसता यावेत म्हणून.

पानावर लिहिलं होतं, 'माझ्या पत्नीस, जिच्या निष्ठेमुळे या कादंबरीतलं दुःख मला फक्त पुस्तकातच वाचावं लागलं.'

मग बायको म्हणाली, "अहो, यात चूक आहे."

"शुद्धलेखनाची?" प्राध्यापक वळले.

"शुद्धलेखन बरोबर आहे. मजकूर चुकलाय."

प्राध्यापक मंद हसले. बायकांचा विनय त्यांनी वाङ्मयात पुष्कळ पाहिला होता. "निष्ठा शब्द फार जड होतोय का? 'साथ' करू या?"

"शब्दाचं काही नाही हो. 'जिच्या निष्ठेमुळे' काढा. आणि ते 'फक्त पुस्तकातच' आहे ना, तेही काढा."

"अगं, मग राहिलं काय?"

"'माझ्या पत्नीस.' तेवढं खरं आहे."

तिने कप उचलून चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि ती लॅबमध्ये एखाद्याच्या हातात रिपोर्ट देताना बोलावं तशा आवाजात बोलली.

"तुम्ही प्रबंध लिहीत होतात तेव्हाची गोष्ट. एक माणूस होता. वर्षभर होता, मग संपलं. मी बोलणार नव्हते. पण लॅबमध्ये चुकीचं लेबल लावलेली नळी मी पुढे जाऊ देत नाही, आणि हे तर छापून येणार. तुमच्या सत्कारात चार बायका येऊन माझे हात हातात घेतील. मला ते सोसायचं नाही."

अशा प्रसंगी माणसाने काय करावं याबद्दल प्राध्यापकांनी बरंच लिहिलं होतं. त्यातलं त्या वेळी काहीच आठवेना, म्हणून त्यांनी आपला चहा प्यायला. तो गार झाला होता. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला कळलंय का हे?"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि हा न्यायाधीशाचाच प्रश्न आहे हे त्यांना कळलं. नोकरांचा तेवढा उल्लेख राहिला होता, तोही घरात नोकर नव्हते म्हणून.

त्यांनी घाईघाईने दुसरा प्रश्न विचारला. "कोण होता? कवी होता का?"

"नाही हो. मशीनवाला होता. लॅबमधली मशीनं दुरुस्त करायला कंपनीकडून यायचा."

"मशीनवाला?" प्राध्यापक खुर्चीत बसले. लष्करी अधिकारी असता तर त्यांनी कसंतरी मन घट्ट केलं असतं. चित्रकार, गायक, गेला बाजार समीक्षक. "देखणा होता?"

"टक्कल पडायला लागलं होतं. हसायचा मात्र छान."

"वाचायचा?"

"मशीनबरोबर माहितीपुस्तिका येते ना, ती वाचायचा." मग तिला काहीतरी आठवलं. "तुम्ही त्याला भेटलाय की. तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा आपलं कपडे धुवायचं मशीन बंद पडलं होतं. मी त्याला बोलावलं. तुम्हीच त्याला बसवून घेतलंत आणि दोन तास कादंबरी सांगितलीत."

प्राध्यापकांना लख्ख आठवलं. आठवणारच, तसा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. पाना-पक्कड मांडीवर ठेवून तो माणूस जागचा हलला नव्हता, आणि तळ्याच्या प्रसंगाला तर त्याचा चेहरा असा झाला होता की प्राध्यापकांना स्वतःचा चष्मा काढायचं भान राहिलं नाही. जाताना त्यांनी त्याला आपली एक पुस्तिका सही करून दिली होती. 'एका रसिकास, सस्नेह.'

"त्यानंतर त्याने बदली मागून घेतली," बायको म्हणाली. "म्हणाला, या माणसाला फसवायला माझं मन घेत नाही, आणि त्यांना पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नाही."

अगदी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने प्राध्यापकांनी विचारलं, "आणि तू? म्हणजे तो गेल्यावर... तुला काही झालं नाही?"

"काय व्हायचं?"

"नाही, म्हणजे तिकडे ती... ते तळं..."

"अहो, मी बसने घरी आले. वाटेत दूध घेतलं. तुम्ही आतून चहा म्हणालात, तो टाकला." तिने ते पान त्यांच्यापुढे सरकवलं. "सोमवारपर्यंत पाठवायचंय ना हे?"

रविवारी प्राध्यापक खोलीत येरझाऱ्या घालत होते. ते मनाचा मोठेपणा तयार करत होते. न्यायाधीश व्हायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं, आणि न्यायाधीश न होण्याचा त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग म्हणजे भाषण. संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "मी विचार केला. मी तुला क्षमा केली आहे."

"मी मागितली नव्हती."

"क्षमा मागायची नसते. ती द्यायची असते."

"बरं, मग ठेवा तुमच्याजवळ. लागली तर मागेन." तिने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "ओढून धरा जरा."

त्यांनी ओढून धरली. चादरीची घडी कशी घालतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते हातातलं टोक घेऊन तिच्या अंगावर चालून गेले. क्षमेचा उरलेला भाग, ज्यात एक सुंदर विराम होता, तो तसाच राहिला.

सोमवारी वर्गात नेमकं तेच प्रकरण होतं. न्यायाधीशाला कळतं ते. भिंतीला टेकून बाहेरची मुलं उभी होती. प्राध्यापकांनी पुस्तक उघडलं आणि नेहमीच्या जागी ते हसले नाहीत.

"या माणसाचा कुणी विचार केलाय?" त्यांनी सुरुवात केली. "दिवसभर न्यायालयात बसतो. घरी येतो. पिंजऱ्यात उभ्या असलेल्यांचं ऐकायचं, की दिवाणखान्यातल्यांचं? माणसाने किती ऐकायचं? आणि कळतं तेव्हा तो काय करतो? ओरडतो? मारतो? नाही. एक साधा प्रश्न विचारतो. नोकरांना कळलंय का. यात हसण्यासारखं काय आहे?"

कुणी हसलंच नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने वही चाळली आणि भीत भीत हात वर केला.

"सर, पण गेल्या वर्षीच्या नोट्समध्ये न्यायाधीश म्हणजे फर्निचर आहे."

"फर्निचरलाही भावना असतात!" प्राध्यापक कडाडले.

वर्गात हशा पिकला. हा विनोद आहे अशी सगळ्यांची समजूत झाली. मागच्यांनी तर टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी रागाने हात वर करून आवाज थांबवला, पण तो रागही सरांच्या अभिनयातच खपून गेला.

"मग सर, तिने काय करायला हवं होतं?" त्याच मुलीने विचारलं. ती ते खरंच विचारत होती.

"सांगायला हवं होतं. वेळेवर सांगायला हवं होतं!"

"पण सर, तिने सांगितलं असतं, तर त्याने ऐकलं असतं?"

एरवी अशा प्रश्नाला त्यांच्याकडे निदान तीन उपप्रश्न तयार असत. घंटा व्हायला पुष्कळ अवकाश होता. आज डोकं दुखतंय म्हणून त्यांनी वर्ग सोडला, जे इतक्या वर्षांत त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि मुलांनी कॅन्टीनमध्ये जाऊन ठरवलं की आजचा तास आजवरचा सर्वांत उत्तम झाला.

प्राध्यापक घरी गेले, एका बॅगेत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि सवयीने ती कादंबरी टाकली, आणि बस धरून शहराच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे आले.

ताई त्यांची थोरली बहीण. एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आता निवृत्त. उभ्या नोकरीत तिने डॉक्टरांना ओरडून सरळ केलं होतं, त्यामुळे प्राध्यापकांचा तिला कधी धाक वाटला नाही. लहानपणापासून ती त्यांना 'पोपट' म्हणायची. भर सभेतसुद्धा.

बॅग बघून तिने चष्मा कपाळावर चढवला. "कळलं वाटतं तुला शेवटी."

प्राध्यापक दारातच उभे राहिले. "म्हणजे तुला..."

"तिने मलाच तर सांगितलं होतं. इथेच बसून रडली होती, या खुर्चीत. मी म्हटलं, पोपटाला इतक्यात सांगू नकोस, तो याचं व्याख्यान करील. आत ये, दार लाव."

"ताई, तू माझी बहीण आहेस!"

"म्हणून तर. परक्या बाईने तिला 'नवऱ्याला सांगून टाक' असा सल्ला दिला असता. तू कसा आहेस ते मला ठाऊक."

प्राध्यापक खुर्चीत बसले. मग ती कुठली खुर्ची आहे हे ध्यानात येऊन उठले आणि पलंगावर बसले. "मी तिला काय कमी केलं, सांग. व्यसन नाही. हात उगारला नाही. दुसऱ्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही."

"मान तू कुणाकडेच वर केली नाहीस रे. ती गाठ निघाली होती तिला, ते तरी आठवतंय का?"

"कसली गाठ?"

ताईने हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. आतापर्यंत तिच्या तोंडावर थोडं हसू होतं, ते गेलं. "छातीत गाठ आली होती तिच्या. कापून तपासायला पाठवली. मी गेले होते बरोबर. रिपोर्ट येईपर्यंत बाईचं पाणी पाणी झालं होतं. नशिबाने साधी निघाली."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तिने सांगितलं तुला. तुझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, मला गाठ आलीय, दाखवायला जायचंय. तू लिहीत होतास. वर न बघता म्हणालास, 'हं, ठेव तिथे टेबलावर.'"

असं आपण म्हणालो नसणार, हे सिद्ध करायला त्यांनी तो दिवस आठवून पाहिला. दिवस आठवेना. पण वाक्य आपलंच आहे, हे त्यांना लगेच ओळखू आलं. लेखकाला स्वतःची शैली ओळखू येतेच.

ताईकडे त्यांचा मुक्काम पडला. कॉलेजला त्यांनी रजा टाकली. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा ते ताईच्या स्वयंपाकघरात, ती कुठेही गेली तरी तिच्या मागे मागे फिरत, विवाहसंस्थेवर बोलत होते.

"सर, ते अर्पणपत्रिकेचं पान राहिलंय," प्रकाशक म्हणाला.

"'माझ्या पत्नीस' एवढंच छापा."

"एवढंच? कोरडं वाटेल हो, सर. आधीचं वाक्य काय सुंदर होतं! मी आमच्या मिसेसना वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, बघा, याला म्हणतात नवरा."

"एवढंच छापा," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग ते पुन्हा विवाहसंस्थेकडे वळले. ताईने एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी कानात कापूस घातला, आणि रविवारी सकाळी तिने त्यांची बॅग स्वतःच्या हाताने भरून दारात आणून ठेवली.

"जा आता घरी."

"तू मला हाकलतेस?"

"हो. आठवड्याभरात माझं डोकं भणभणलं. ती बिचारी एवढी वर्षं ऐकतेय. खरं सांगू का पोपट, तिने एक माणूस केला त्याचं मला नवल वाटत नाही. एकावर कशी थांबली, याचं वाटतं."

प्राध्यापक घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. आपल्या घरात रेडिओ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती, आणि गाण्याबरोबर तिचा पाय हलत होता. त्यांना बघून तिने आवाज कमी केला. बंद नाही केला.

"जेवलात?"

"नाही." ते समोर बसले. बॅग त्यांनी मांडीवरच ठेवली होती, पाहुण्यासारखी. "ताईने गाठीचं सांगितलं."

"हं."

"मी खरंच म्हणालो तसं? ठेव तिथे?"

"टेबलावर, म्हणालात."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि तेच प्राध्यापकांना सोसेना. तयार करून आणलेलं एक वाक्य त्यांच्याजवळ होतं. बसमध्ये त्यांनी ते दोनदा घोळवलं होतं आणि त्यात 'आत्मपरीक्षण' हा शब्द होता. ते त्यांनी गिळलं. बॅग खाली ठेवली, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि एक सोलायला घेतली. दाणे टेबलाखाली गेले.

"मला सांग," ते म्हणाले. "सगळं. पहिल्यापासून."

"तुम्ही मध्ये बोलाल."

"नाही बोलणार."

"दाखले द्याल."

"नाही देणार. सांग तू."

ती सांगायला लागली. गाठीचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवसांत ती लॅबमध्ये रक्त फिरवायच्या मशीनमध्ये नळ्या लावत होती. हात कापत होते म्हणून तिने सगळ्या नळ्या एकाच बाजूला लावल्या आणि मशीन सुरू केलं. त्या मशीनमध्ये समोरासमोर सारखं वजन लागतं. नाहीतर ते थरथरत थरथरत टेबलावरून चालायला लागतं. ते चालत थेट कडेला गेलं आणि पडून फुटलं. मशीनवाला आला. तो ओरडेल असं तिला वाटलं. त्याने फुटलेल्या मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याला काय झालंय ते कळलं. तुम्हाला काय झालंय?" इतक्या दिवसांत ते विचारणारा तो पहिला माणूस होता. तिने त्याला गाठीचं सांगितलं. तो पाना खाली ठेवून तिच्या शेजारी स्टुलावर बसला आणि लॅब बंद होईपर्यंत उठला नाही.

इथे प्राध्यापकांनी तोंड उघडलं. एका प्रकरणात असाच प्रसंग होता, अगदी हुबेहूब. बायको थांबली. त्यांनी तोंडात मटारचे दाणे टाकले आणि चावत बसले.

ती पुढे सांगत गेली. दोघं बसस्टॉपमागच्या हॉटेलात जाऊन बसायची. पुढे इतरही ठिकाणी गेली. ते तिने लपवलं नाही आणि रंगवूनही सांगितलं नाही. त्यालाही घर होतं, बायको होती, तिच्याबद्दल तो वाईट बोलत नसे. तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा आणि ती हसून हसून बेजार व्हायची. एकदा तर तिने बॅग भरली होती.

"मग गेली का नाहीस?" प्राध्यापकांनी विचारलं. हा प्रश्न आहे, दाखला नाही, अशी त्यांनी मनाशी खात्री करून घेतली होती.

"त्याच दिवशी तुम्ही जिन्यावरून पडलात. पाय मोडला."

"म्हणजे माझी दया आली."

"दया कसली, वैताग आला. प्लास्टरमधल्या माणसाला टाकून कसं जायचं? गॅस तुम्हाला पेटवता येत नव्हता. म्हटलं, पाय बरा झाला की जाऊ. प्लास्टर निघेपर्यंत तो बदलीवर गेला आणि माझाही जीव थकला. मग राहिले."

"आवडायचा तुला?"

"हो. खूप."

"आणि मी?"

तिने विचार केला. खोटं बोलायचं असतं तर इतका वेळ लागला नसता. "तुमचा राग यायचा. मग रागही येईनासा झाला, ते वाईट होतं. गेल्या शनिवारी ते वाक्य वाचलं आणि पुष्कळ वर्षांनी राग आला. बरं वाटलं."

प्राध्यापकांना काय वाटत होतं हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. दुःख होतंच, मशीनवाल्याच्या टकलासकट सगळं डोळ्यांपुढे होतं आणि टोचत होतं. पण मशीन टेबलावरून चालत निघालं तेव्हा ही बाई कशी दिसली असेल, बसस्टॉपमागच्या हॉटेलात हसताना कशी दिसत असेल, हे आपण पाहायला हवं होतं असंही त्यांना वाटत होतं. इतक्या चांगल्या बाईशी आपली ओळख कुणी करून दिली नाही, अशी एक चमत्कारिक तक्रार मनात उठत होती. आणि तक्रार करायची तर कुणाकडे, हे काही सुचेना.

शेंगा संपल्या होत्या. बायकोने सालं गोळा केली. "आता तुम्ही सांगा."

"काय?"

"तुमचं. इतक्या वर्षांत काहीच नाही?"

"छे! मी कधीही..." प्राध्यापक छाती काढून म्हणाले आणि थांबले. आज खोटं बोलायची सोय नव्हती. "एकदा," ते म्हणाले. "एकदा जरा झालं होतं."

बायकोने सालं तशीच हातात धरली. "कुठे?"

"त्या चर्चासत्राला गेलो होतो बघ, परगावी. तिथे एक बाई होत्या. तत्त्वज्ञानाच्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, चला, जरा पाय मोकळे करू. मग आम्ही त्या बागेतून चालत गेलो. चांदणं वगैरे होतं."

"मग?"

"मग मी त्यांना कादंबरीची रचना समजावून सांगितली."

बायकोचे ओठ घट्ट मिटले. "सगळी?"

"पूर्वार्ध. परत आलो तर त्या म्हणाल्या, माझ्या खोलीत कॉफी आहे. मी म्हटलं, मला रात्री कॉफीने झोप लागत नाही. त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, प्यायलाच हवी असं नाही. मग मी उत्तरार्ध काढला."

"अहो!"

"त्यांनी दार लावून घेतलं."

"आणि तुम्ही?"

"माझं शेवटचं प्रकरण राहिलं होतं," प्राध्यापक खाली मान घालून म्हणाले. "ते मी दाराबाहेरून संपवलं."

बायकोच्या हातातली सालं सुटली. ती टेबलावर डोकं टेकून हसायला लागली, खांदे हलायला लागले, मटारचं भांडं कलंडलं आणि दाणे सगळ्या फरशीवर पळाले. श्वास घ्यायला तिने डोकं वर काढलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पुन्हा सुरू झाली. प्राध्यापक आधी ओशाळले. मग त्यांनाही दारापुढे उभं राहून तळ्याचं वर्णन करणारे स्वतः दिसले, चष्मा काढून पुसताना, आणि त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, जो त्यांच्या कुठल्याही व्याख्यानात कुणी ऐकला नव्हता.

"त्यांना काय हवं होतं ते तुम्हाला कळलं कधी?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"परतीच्या गाडीत. अर्ध्या वाटेत."

"मग काय केलंत?"

"डबा उघडून जेवलो."

ती पुन्हा हसली. मग उठून तिने गॅसवर आधण ठेवलं, रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि वळून म्हणाली, "त्या बाई दिसायला कशा होत्या हो? नीट सांगा. घाई करू नका."

प्राध्यापक फरशीवर गुडघे टेकून मटार वेचत होते. ते आठवायला लागले.